उत्तेजनार्थ मोटार

विलास राऊळ माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला आला, पोटभर जेवला, आणि निघताना माझ्या मेव्हण्याचा हात दोन्ही हातांत धरून गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जेवण द्वितीय. पण भटजी प्रथम हां." मेव्हणा "थँक यू" म्हणाला.

यात विलासशेठचा दोष नाही. लालबागला त्याचं ढाल-चषकांचं दुकान आहे. कबड्डी, कॅरम, पाककला, संगीत खुर्ची, वेशभूषा, परळपासून भायखळ्यापर्यंत कुणीही कशातही जिंकलं तरी नाव कोरायला त्याच्याकडेच यावं लागतं. एकदा तर म्हणे अंतिम सामना चालू असतानाच त्याने अंदाजाने विजेत्यांचं नाव कोरून चषक मैदानावर पाठवून दिला, आणि पलीकडच्या संघाने तो बघून, आता खोडाखोड कशाला, असं म्हणून सामना सोडून दिला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलंय की आता दिसायला लागलंय.

धंदा जोरात आहे. पूर्वी दहा मुलं धावली की तीन चषक लागत. आता दहांना दहा लागतात, कारण न धावणाऱ्याचे आईवडीलही फोटो काढायला आलेले असतात. तीसेक वर्षं या चकाकीत बसून विलासशेठच्या डोक्यात जगाचे तीनच भाग उरलेत: प्रथम, द्वितीय आणि उत्तेजनार्थ. डॉक्टर, पाऊस, बोंबील, नगरसेवक, कुणाची सुटका नाही. मला स्वतःला त्याने शेजारी म्हणून 'उत्तेजनार्थ' दिलंय. मी चिडलो तेव्हा समजूत घातली, "अरे वाईट नाही अशोका. स्टेजवर तर बोलावलं ना."

फक्त सुलभावहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, स्वयंपाकाला त्याने कधी नंबर दिला नाही. विचारलं तर सांगायचा, "आयोजकांच्या घरच्यांना स्पर्धेत भाग घेता येत नाही. नियम आहे."

तर असा हा माणूस. साठी उलटली, केसांना कलप लावणं सोडून दिलं, गुडघ्याला पट्टा आला, आणि मग एके दिवशी लिफ्टमध्ये मला म्हणाला, "अशोका, मी गाडी बुक केली. दोन दरवाजांची."

"बरं केलंस. टेम्पोलाही दोनच असतात."

"टेम्पो नाही रे. स्पोर्टवाली."

मी लिफ्टमधल्या आरशात त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही विलासशेठ गंभीर होते.

गाडीचा फोटो त्याने दाखवला. लालभडक, पुढून बेडकासारखी बसकी, मागून एखाद्या पहिलवानाने पाठ फिरवल्यासारखी. उंची म्हणाल, तर आमच्या मजल्यावरच्या चपलांच्या कपाटाहून दोन बोटं कमी. मुंबईत ही गाडी चालवण्यापेक्षा खिशात घालून नेणं सोपं. "पण का रे?" मी विचारलं. तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांना चषक दिले." सगळ्या इमारतीला हे उत्तर पटलं. मलाही पटलं.

घोटाळा पुढेच होता. गाडीची तीन व्हेरिएंट होती. कंपनीने विलासशेठला भेटून, मोजमाप घेऊनच गाडी काढली की काय असं वाटावं. बेसमध्ये दोन सीटा, कापडी. सीट पुढेमागे करायला हाताने दांडी ओढायची. मिडलमध्ये त्याच दोन सीटा, पण चामड्याच्या, आणि पुढ्यात परातीएवढा स्क्रीन. टॉपमध्ये हे सगळं, वर काचेचं छप्पर, आणि मागच्या बाजूला आणखी दोन छोट्या सीटा. शोरूमवाल्यांनी बजावलं होतं: अनंत चतुर्दशीपर्यंत काय ते कळवा, म्हणजे दसऱ्याला गाडी दारात. नाहीतर नंबर गेला, मग दिवाळीनंतर बघू. आता दसऱ्याला येणारी गाडी ही दिवाळीनंतर आणणं म्हणजे वरात येऊन गेल्यावर मांडव घालणं.

"यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "तू प्रथमवाला माणूस. टॉप घे."

"बघू," विलासशेठ म्हणाला.

हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ज्या माणसाने माझ्या मुलीच्या लग्नात पंगत उठायच्या आत केटररला द्वितीय जाहीर केलं, तो एका गाडीपुढे 'बघू' म्हणत होता.

मग तो विचारत सुटला. कोळणीला विचारलं, दाढी करणाऱ्याला विचारलं, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून "श्वास घ्या" म्हणाले तर श्वास घेऊन त्यांना विचारलं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस खड्ड्यात उतरला होता, त्याला वरून वाकून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: टॉप घ्या शेठ, पुन्हा पुन्हा घेणार आहात का. प्रत्येक 'टॉप'नंतर विलासशेठचा चेहरा उतरायचा, आणि तो पुढच्या माणसाकडे जायचा. परळ नाक्यापर्यंतची माणसं संपली तेव्हा तो दादरला जाऊन विचारून आला.

मधल्या काळात गाडीची तयारी चालूच होती. एवढ्या खाली बसायची सवय हवी म्हणून त्याने जेवणाचा पाट काढला, मजल्याच्या पॅसेजमध्ये ठेवला, त्यावर बसून पाय लांब पसरले आणि हातात स्टीलचं ताट धरलं. रोज संध्याकाळी अर्धा तास. येणारीजाणारी माणसं त्याच्या पायांवरून ढेंगा टाकून जात. तो ताट थोडं डावीकडे वळवून त्यांना वाट द्यायचा. वॉचमन नवीन होता. त्याने माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "साहेब, इनकी तबियत कब से ऐसी है?"

मग गेटजवळच्या स्पीडब्रेकरचा प्रश्न आला. आमचा स्पीडब्रेकर कंत्राटदाराने फार मन लावून केलाय. वर चढलं की शिवडीची खाडी दिसते. गाडीचं पोट घासणार का, हे बघायला विलासशेठने चषकांचं एक लांबलचक खोकं घेतलं, ते गाडीच्या पोटाएवढं उंच राहील अशी चाकं त्याला बसवली, आत तोलासाठी सोळा फिरते चषक भरले आणि दोरीने ओढत नेलं. सरळ नेलं तर खोकं मधोमध अडकलं आणि दोन्ही टोकांनी डुलायला लागलं. तिरकं नेलं तर गेलं. इमारतीच्या खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. खोकं पलीकडे उतरलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि विलासशेठने वर बघून, जाहीर समारंभात करतात तसे, हात जोडले.

हे सगळं चालू असताना त्याच्या घरात काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विलासचे वडील लवकर गेले. थोरल्या भावाने, आबांनी, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवून त्याला वाढवलं, नाव कोरायचं पहिलं मशीन घेऊन दिलं. जुन्या चाळीत, जिथे आता आमचा टॉवर आहे, राऊळांची दहा बाय बाराची एक खोली होती आणि तिच्यात नऊ माणसं. गावाहून कुणी नोकरी शोधायला आला की दहा. कुणालाही 'जागा नाही' हा शब्द त्या घराने कधी ऐकवला नाही. दारात उभ्या माणसाला आधी पाणी, मग चटई.

विलासचं लग्न झालं तेव्हा आबांनी हौसेने हनिमूनला माथेरानची खोली ठरवली. मोठी खोली स्वस्त पडते म्हणून मोठी घेतली. एवढी मोठी खोली दोघांत वाया जाईल म्हणून आई निघाली. आई निघाली म्हणून आत्या. आत्याला सोबत म्हणून आबा, त्यांची बायको आणि मुलं. शेवटी अकरा माणसं हनिमूनला गेली. पॉइंटवरचा फोटो मी पाहिलाय. मधोमध आत्या घोड्यावर. नवरा एका टोकाला, नवरी दुसऱ्या टोकाला, आणि नवरीचा अर्धा पदर फोटोच्या बाहेर. ही गोष्ट मी इतक्या पंगतींमध्ये सांगितलीय की लोक 'आत्या'पर्यंत आल्यावरच हसायला सुरुवात करतात.

टॉवरमध्ये आल्यावर राऊळांना शेजारशेजारच्या दोन खोल्या वाढीव मिळाल्या. विलासची मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेली. पण आबा, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, गावचा एखादा पाहुणा, असं घर भरलेलंच. आतल्या खोलीला दार आहे, फक्त ते लावायची पद्धत नाही. लावलं तर बाहेरून कुणीतरी काळजीने विचारतं, "काय गो, बरं नाही का?"

चतुर्दशीला वीस दिवस उरले तेव्हा विलासशेठ आबांना आणि मला घेऊन शोरूममध्ये गेला. तिथली तन्वी नावाची मुलगी फार चुणचुणीत आणि सोशीक.

"सर, टॉपमध्ये तुम्हाला रिअर सीट्स मिळतात."

"आणि बेसमध्ये?"

"बेसमध्ये नाही मिळत सर."

"नाही मिळत म्हणजे तिथे काय असतं?"

"काहीच नाही सर. एक छोटी बॅग ठेवायला जागा."

"माणूस नाही मावणार?"

"नाही सर. सॉरी."

"अगदी बारीक माणूस? मांडी घालून?"

"सर, ते अलाउड नाहीये."

"नक्की ना?"

"नक्की सर. व्हेरी सॉरी."

बिचारी दोनदा सॉरी म्हणाली. मलाही वाटलं, हा माणूस तक्रार करतोय.

इकडे आबा वेगळ्याच कामात होते. ऐंशीचे आबा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवरून पावलं मोजत चालले होते. त्यांची गिरणी एके काळी याच जागेवर होती. खांब नाही, भिंत नाही, तरी दारापासून पावलं मोजत मोजत ते एका जागी थांबले. "हयसर," ते म्हणाले. "हयसर माजो साचो होतो."

त्या जागेवर टॉप मॉडेल उभं होतं.

कुणी काही बोलायच्या आत आबा त्याच्या मागच्या सीटवर निघाले. दोन दरवाजांच्या गाडीत मागे जायचं म्हणजे पुढची सीट वाकवून फटीतून शिरायचं. आधी टोपी आत गेली, मग आबा. बराच वेळ बाहेरून फक्त पायजमा दिसत होता. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "बरी आसा. गुडघे खय ठेवूचे तेवडा सांगा."

बाहेर काढायला तिघं लागली. एकाने खांदे धरले, एकाने कंबर, आणि तन्वी "सर, डोकं सांभाळा" म्हणत राहिली. बाहेर आल्यावर आबांनी टोपी झटकली आणि विलासला म्हणाले, "इल्या, माका फुडे नको. तू आणि सुलभा फुडे बसा. मी हय मागे. माज्या साच्याच्या जाग्यार."

विलासशेठने मान हलवली. होय म्हणाला की नाही म्हणाला, ते मला बाजूला उभं राहूनही कळलं नाही.

त्यानंतर तो आणखी अवघडला. दुकानात एका मंडळाच्या द्वितीय चषकावर त्याने प्रथम कोरलं आणि ते गिऱ्हाइकाला दाखवून द्यावं लागलं. शेवटी आबाच म्हणाले, माणसांना विचारून नाही होत तर देवाला विचारू. कौल लावू.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. गावच्या देवाच्या मूर्तीला डावीकडे-उजवीकडे फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि जी पाकळी आधी पडेल तो देवाचा हुकूम. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं असंच ठरत आलंय. मोटारीचं व्हेरिएंट देवासमोर बहुधा पहिल्यांदाच जात होतं.

गावाला जायला वेळ नव्हता, म्हणून रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. गुरवाने मोबाईल समईला टेकवून ठेवला. इकडे राऊळांच्या घरात सगळा मजला जमला, कारण गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. उजवी पाकळी टॉपची, डावी बेसची. मिडलला वगळलं होतं. गुरवाचं म्हणणं, देवाला मधलं चालत नाही.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने तिकडून सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," आम्ही लालबागहून म्हटलं.

"आज तुजा ह्या लेकरू मुंबैक रवान मोटार घेवक निघालला आसा."

"व्हय म्हाराजा."

"मोटार बुटकी आसा, पण मन मोठा आसा."

"व्हय म्हाराजा."

"तर तेका मागच्या शिटांची मोटार बरी, की बिगर शिटांची, ता तूच काय ता सांग आणि तेच्या वाटेतले खड्डे बुजय रे म्हाराजा."

हे शेवटचं महापालिकेचं काम देवावर ढकलल्याबद्दल आम्ही सगळ्यात मोठ्याने 'व्हय' म्हटलं. आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. गुरवाचं तोंड उघडं, ज्योत स्थिर, देव स्थिर. पाव मिनिटाने चित्र हललं तर एक पाकळी खाली होती.

"डावी," पलीकडच्या फ्लॅटमधले कदमकाका म्हणाले.

"आपल्या डावीकडची," आबा म्हणाले. "देव आपल्याकडे तोंड करून बसलो हा. तेचो तो उजवो."

"पण पडताना कुणी पाहिली?" विलासशेठ म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी आशेसारखं होतं. "हँग झालं होतं. परत विचारू."

"देवाक परत परत इचारूचा नसता," गुरव तिकडून म्हणाला, आणि फोन ठेवून नैवेद्याला गेला.

झालं. टॉप. देवाने सांगितलं, भावाने सांगितलं, अख्ख्या परळ-लालबागने सांगितलं. लोक पेढे द्या म्हणत पांगले. आबा खुशीत देवाला नारळ ठेवायला गेले. मी चहासाठी मागे राहिलो. विलासशेठ पाटावर बसून राहिला, पाय लांब, हातात ताट नाही.

सुलभावहिनी खिडकीजवळ मेथी निवडत होत्या. कौलाला त्या आल्या नव्हत्या, कुकर होता. त्यांनी वर न बघता विचारलं, "सगळ्यांना विचारून झालं?"

"झालं," विलासशेठ म्हणाला.

"देवाला पण."

"देवाला पण."

दोन काड्या बाजूला पडल्या. मग विलासशेठ, वर्गात उभं केल्यासारखा, म्हणाला, "सुलभा, तू सांग."

"मागे सीट असली की कुणीतरी बसणारच," वहिनी म्हणाल्या. दूध उतू गेलं सांगावं तितक्या साध्या आवाजात. आणि मेथीची सुपली उचलून आत गेल्या.

मी चहाचा कप खाली ठेवला. माथेरानच्या गोष्टीवर हसणाऱ्या एवढ्या पंगती मी बघितल्या, त्यांतल्या काही पंगतींत वाढायला त्या होत्या. तेव्हा त्यांच्या तोंडाकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"बुक केली तेव्हाच मनात बेस होती रे," विलासशेठ हळू म्हणाला. "म्हणूनच दोन दरवाजांची घेतली. पण आबांना जागा नाही म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? मला वाटलं, इतक्यांना विचारतोय, एखादा तरी शहाणा म्हणेल, बेस घे. म्हणजे मला म्हणता आलं असतं, अमुक डॉक्टर म्हणाले. एक मिळाला नाही अशोका. आणि देवाने पण बघ."

"मी म्हणतो, बेस घे," मी म्हटलं.

"तुझं कोण ऐकतंय," तो म्हणाला, पण उठला.

आबा नारळ ठेवून येऊन टीव्हीवर कबड्डी बघत बसले होते. विलासशेठ त्यांच्या आणि टीव्हीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. या माणसाने शेकडो बक्षीस समारंभांत माईकवर भाषणं ठोकलीत. आता तो दोनच वाक्यं बोलला.

"आबा, मागची सीट येत नाही. मी बेसवाली घेतोय."

"कौल?" आबांनी विचारलं.

"माहितीये."

टीव्हीवर कुणीतरी पकडला गेला, शिट्टी झाली. आबांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांडी वाजायची थांबली होती. मग बराच वेळ ते स्वतःच्या गुडघ्यांवर हात चोळत बसले. मला वाटलं, आता हे रागावतील. रागावले असते तर बरं, असंही वाटलं.

"देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय," ते शेवटी म्हणाले. "तू फारम भर." आणि थोड्या वेळाने, "नायतरी थय माजे गुडघे मावत नाय होते. आता बाजूक हो, रेड चालू आसा."

दुसऱ्या दिवशी विलासशेठने फॉर्म भरला. तन्वीने तिकडून दोनदा फोन करून खात्री केली, "सर, बेस? शुअर?" तिला वाटलं, शेठच्या धंद्यात खोट आली. इमारतीतही तीच कुजबुज. कदमकाकांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, काही मदत लागेल का त्यांना. बेस घेण्याचं खरं कारण विलासशेठने कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "उत्तेजनार्थ मोटार. स्टेजवर तर बोलावलं ना."

दसऱ्याला गाडी आली. झेंडूचा हार गाडीहून लांब पडला, तो दुहेरी करावा लागला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. वहिनींनी नारळ वाढवला. इमारतीतली मुलं चक्कर मारायला रांग लावून उभी होती, त्यांना दुसऱ्या सीटपलीकडे गाडीच नाही हे पटेना. एकाने आत डोकं घालून सीट उचलून खाली पाहिलं. आबांनी पुढे होऊन वहिनींसाठी दार उघडलं, आणि उघडूनच धरलं. वहिनी गाडीत बसल्या म्हणण्यापेक्षा विहिरीत उतरतात तशा उतरल्या. "जाऊन येतो," विलासशेठ म्हणाला. गाडी स्पीडब्रेकरवर तिरकी चढली, सगळ्या इमारतीने श्वास रोखला, ती तिरकी उतरली आणि गेली.

परत आली ती तीन तासांनी. "कुठे गेला होतात?" आम्ही विचारलं. "जरा," विलासशेठ म्हणाला.

मग दुकान बंद असेल त्या प्रत्येक दिवशी हे 'जरा' सुरू झालं. दुपारी चारला निघायचे, सातला परत. आम्ही तर्क लढवले. कुणी म्हणे लोणावळा, कुणी म्हणे नवीन पुलावरून शर्यत लावतो. मी स्वतः तीन जणांना सांगितलं की तो गोव्याला जाऊन मासे घेऊन येतो, आणि त्यांतल्या एकाने मला ते मासे खाल्ल्याचं सांगितलं.

परवा शिवडीला एका गोदामात माझं काम होतं. परतताना खाडीच्या बाजूने आलो, तर भिंतीला नाक लावून लाल गाडी उभी. लालबागपासून जेमतेम तीन किलोमीटर. इंजिन बंद, काचा वर. समोर ओहोटीचा चिखल आणि त्यात ते लांब पायांचे पक्षी. मला आनंद झाला. गोव्याचं काय झालं, असं काचेवर टकटक करून विचारायचं ठरवून मी मागून जवळ गेलो.

मागची काच लहान आहे, पण आतलं दिसत होतं. वहिनी बोलत होत्या. दोन्ही हात हलवत, मान वळवून, मध्येच थांबून परत मागची गोष्ट पकडत, सलग बोलत होत्या. विलासशेठ उभ्या गाडीचं स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, अर्धा वळून त्यांच्याकडे बघत होता. एकदा त्या हसल्या आणि त्याच्या खांद्यावर चापट मारली. मागे बॅगेच्या जागेत थर्मास होता, दोन कप होते, आणि घडी केलेली एक शाल.

काच वर होती, एक शब्द ऐकू आला नाही. मी हात वर केला होता तो तसाच खाली घेतला. टॅक्सी समोर उभी होती, पण तिचं दार वाजलं असतं. म्हणून चालतच निघालो, आणि गाडीच्या आरशात दिसू नये म्हणून बराच वेळ भिंतीच्या कडेकडेने.